सातवा दिवा

आमच्या घरामागच्या कोठीत त्या उन्हाळ्यात दीड महिना एक लाकडी चौकट टेबलाला ठोकलेली होती. हनुवटी टेकवायला खाली फळी, कपाळ टेकवायला वर आडवी पट्टी, आणि डोकं हलू नये म्हणून मागून आवळायचा कापडी पट्टा. गावातल्या सुतारकाकांना मी वहीत चित्र काढून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गोऱ्ह्याले वेसण टोचाची हाय का?" मी म्हटलं, माणसांसाठी आहे. चौकट आणून दिली तेव्हा हनुवटीच्या फळीवर जुन्या गोधडीचा तुकडा बसवलेला होता. तो मी सांगितला नव्हता.

मी तेव्हा वाशीमला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि तिथेच वसतिगृहात राहत होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. आई चौथी शिकलेली, बाबा आठवी. बाबा कामरगाव ते कारंजा काळी-पिवळी जीप चालवतात. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक मुलं आदल्या वर्षीच्या कुणाचा तरी प्रकल्प मागून घेतात. मला मागायचा संकोच वाटला, म्हणून मी आमच्या विभागातल्या मॅडमकडे गेले, आणि मॅडमनी जे दिलं त्याला नाही म्हणायचाही संकोच वाटला.

काम असं होतं. समोर एका बाजूला एकदम दिवा लागला की आपला डोळा उडी मारून त्याच्यावर जातो. ही उडी इतकी झटकन होते की आपली आपल्यालाही कळत नाही. दिवा लागणं आणि डोळा हलणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा. काही आजारांत हा वेळ वाढतो. पण वाढला हे म्हणायला आधी धडधाकट माणसाला किती लागतो ते माहीत पाहिजे. मॅडम आणि त्यांच्या ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर आपल्या भागातल्या लोकांचा असा तक्ता तयार करत होते. मॅडम म्हणाल्या, "तू निरोगी माणसं मोज. आजारी माणसं सगळेच मोजतात."

लॅबमधल्या काकांनी मला एक लांबट डबा करून दिला. त्याच्या दोन टोकांना दोन लाल दिवे. बटण दाबलं की ठरलेल्या क्रमाने एकूण वीस वेळा डावा नाहीतर उजवा दिवा लागायचा. माणसाने डोकं चौकटीत ठेवून फक्त डोळ्यांनी दिव्याकडे पाहायचं. मी समोर मोबाइल लावून डोळ्याचं संथ गतीचं, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रांचं चित्रण करायचं आणि मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं, की बुबुळात दिव्याचा लाल ठिपका उमटल्यापासून किती चित्रांनी डोळा हलला.

मॅडमनी बजावलं होतं, प्रत्येक माणसाला क्रम बदल. ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे, खाली रेघही मारलेली आहे. पण क्रम बदलायचा तर डबा कॉलेजच्या संगणकाला जोडायला लागायचा, आणि त्यासाठी लॅबच्या काकांना सांगावं लागायचं. मी एकदा गेले होते. ते म्हणाले, "बाई, एका डब्ब्यासाठी किती चकरा मारशीन?" कदाचित ते थट्टेनेच म्हणाले असतील. मी पुन्हा गेले नाही. वसतिगृहातल्या चार मुली त्याच क्रमावर मोजल्या आणि तोच क्रम घेऊन गावी आले.

कोठी अंधारी पाहिजे होती म्हणून झरोक्यावर पोतं बांधलं. पंखा लावता येत नव्हता, कारण वाऱ्याने पापण्या मिटतात. वर टिनाचं छप्पर. दुपारी आत गेलं की तुरीच्या पोत्यांचा वास आणि गरम टिनाचा वास एकत्र नाकात बसायचा. चौकट नीट बसेपर्यंत मी बाबांनाच मोजत होते. सहा-सात दिवस ते जीप लावून आले की घाम पुसून, हनुवटी गोधडीच्या तुकड्यावर ठेवून बसायचे. पट्टा आवळला की म्हणायचे, "आता मले काही पळता येत नाई." मी हसायचे. मग बटण दाबायचे.

गावातून माणसं जमवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. उलट झालं. लोक येऊ लागले. बायका डोक्यावरून पाणी घेऊन, केस विंचरून आल्या. एक आजोबा डोळ्यांत गाईचं तूप घालून आले, त्यांचं बुबुळ इतकं चकाकत होतं की मला त्यांना परत पाठवावं लागलं. आधी मी पाच प्रश्न विचारायचे, बीपी आहे का, साखर आहे का, फिट येते का, असे. पट्टा सोडला की प्रत्येकाचा प्रश्न एकच असायचा, पास झालो का? मी सांगायचे की यात पास-नापास काही नसतं. ते मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा विचारायचे.

रोज सकाळी मी आदल्या दिवशीची चित्रं मोजायचे. वसतिगृहातल्या मुलींना दिवा लागल्यापासून पंचेचाळीस-पन्नास चित्रं लागली होती. गावच्या लोकांना तीस, कधी पंचवीस. मला खूप आनंद झाला. कधी कधी डोळा दिव्याच्या आधीच हललेला दिसायचा, कधी उलट्या बाजूला गेलेला. तिथे मी 'चूक' लिहून पुढे जायचे, कारण माझंच मोजताना काही चुकलं असेल असं वाटायचं. माझं चुकलं असेल हे मला नेहमीच आधी वाटतं.

तीस माणसं झाल्यावर मी वाशीमला जाऊन मॅडमना सरासऱ्या दाखवल्या. पूर्ण तक्ता दाखवला नाही, त्यांनी मागितला नाही. त्या थोड्या चकित झाल्या, मग खूश झाल्या. मोबाइलला चिकटलेल्या मुलींपेक्षा शेतावरच्या माणसांचे डोळे चपळ, असं काही निघालं तर ते वेगळंच आहे, म्हणाल्या. अमरावतीला विद्यार्थ्यांचे प्रकल्प मांडले जातात, तिथे कॉलेजकडून माझं नाव त्या देणार होत्या. तिथे नीट झालं तर एम.एस्सी.ला त्यांच्याच हाताखाली काम. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी जीपमध्ये सांगितलं. म्हणजे ते कारंज्यापर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्या अनसिंगला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, सव्वा महिना झाल्यावर परत आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, काटक. मला लहानपणी आईपेक्षा त्यांनीच जास्त सांभाळलं आहे. आल्या तशा चौकटीत बसल्या, म्हणाल्या, "लवकर कर पोरी, चुलीवर वरन ठेवलं."

त्या दिवशी दुसरं कोणी आलं नाही, म्हणून मी त्यांची चित्रं लगेच मोजायला बसले. त्या बाजूला बसून पाहत होत्या. सेहेचाळीस. पन्नास. एकावन्न. अठ्ठेचाळीस. माझा चेहरा पडला असणार. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणायला नको होतं, पण खोटं पटकन सुचलं नाही. मी म्हटलं, "काही नाई काकू. डोये थोडे उशिरा हलतात, एवढंच."

एवढंच. दारात दोन बायका उभ्या होत्या. दिवेलागणीपर्यंत ते आमच्या गल्लीभर झालं. पहिल्यांदा उशिरा हलतात असं होतं, मग डोळ्यांत दोष आहे असं झालं, मग डोक्यात. काकूंच्या मुलाने मला रस्त्यात गाठून विचारलं की हे पुढे वाढतं का. मी म्हटलं, तसं काही नाही, मी डॉक्टर नाही. डॉक्टर नाही हे ऐकून तो जास्तच घाबरला. पुढच्या रविवारी अनसिंगला नातवाचं बारसं होतं. काकू आयुष्यभर एकट्या फिरलेल्या, कारंजाला जीप, मग वाशीमची एसटी, मग अनसिंग. मुलाला त्याच दिवशी कामावरून सुटी नव्हती. तो आईला म्हणाला, एकटीनं जाऊ नको, कुठंतरी पडशील. लेकीनेही फोनवर म्हटलं, नको येऊ आई, नंतर ये.

दोन दिवसांनी मी काकूंकडे गेले. त्या बारशासाठी शिवलेली दुपट्याएवढी गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुई जवळ होती, पण हातात नव्हती. मला म्हणाल्या, "मले तं सारं दिसते बाई. पन दिसते असं वाटूनच राह्यलं असंन का?" मी चहा पिऊन निघाले.

घरी येऊन मी पहिल्यांदाच पूर्ण तक्ता एका मोठ्या कागदावर उतरवला. आडवी माणसं, उभे वीस दिवे. उतरवता उतरवता हात थांबला. सातव्या दिव्याच्या रकान्यात वरून खाली 'चूक' 'चूक' 'चूक' अशी रांग लागली होती. गावच्या प्रत्येक माणसाचा डोळा सातव्या दिव्याला उलटा, डावीकडे गेला होता. फक्त पाच जागी आकडे होते. चार वसतिगृहातल्या मुली आणि काकू.

माणसं चुकतात तेव्हा वेगवेगळी चुकतात. सगळ्यांची चूक एकाच जागी आली तर पेपर कुठून तरी आलेला असतो, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही कळतं. मी तक्त्याच्या वरच्या टोकाला गेले. गावची पहिली ओळ बाबांची होती, त्यांच्या शेवटच्या दिवसाची. वहीत मागे जाऊन पाहिलं. त्यांच्या पहिल्या दिवशीच्या आकड्यांत सातवा बरोबर होता, सत्तेचाळीस. पाचव्या दिवसापासून तिथे चूक होती.

मग सगळं आपोआप उलगडत गेलं. कामरगावच्या थांब्यावर जीप भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात बाबांनी लोकांना काय शिकवलं असेल ते मला दिसू लागलं. काकू सव्वा महिना त्या जीपमध्ये बसल्याच नव्हत्या. म्हणजे गावात एकट्या काकूंचे डोळे दिवा पाहून हलत होते. बाकी सगळ्यांचे पाठ करून हलत होते.

पुढचे तीन दिवस मला आठवतात ते त्या कोठीसकट. मी दुपारी आत जाऊन दार लावून घ्यायचे. एकदा पट्टा न आवळता चौकटीत डोकंही ठेवून पाहिलं. समोर बंद डबा आणि पोतं बांधलेला झरोका. मॅडमना सांगितलं तर अमरावती गेली, एम.एस्सी. गेली आणि दीड महिना गेला. वर सांगावं लागणार की फसवणूक माझ्या बाबांनी केली, आणि तिला वाट मी दिली, कारण क्रम बदला असं सांगायला मला एका माणसापुढे तोंड उघडवलं नाही. न सांगितलं तर हे आकडे त्या तक्त्यात जाणार. मग डॉक्टरांसमोर काकूंसारखं एखादं धडधाकट माणूस बसणार आणि ते आमच्या गावाच्या आकड्यांशी ताडून त्याला म्हणणार, तुमचे डोळे उशिरा हलतात. माझ्या एका वाक्याने एका बाईचं बारसं हुकत होतं. तक्ता तर कितीतरी जणांना ते वाक्य म्हणणार होता.

आई विचारायची, जेवत काहून नाही. मी उन्हाचं कारण सांगायचे. बाबांशी तर मी नजरच मिळवत नव्हते. ते समजले की माझा अमरावतीचा अभ्यास चालू आहे, आणि घरात कोणी मोठ्याने बोललं की त्याला गप्प करायचे. त्यांच्या त्या जपण्याने मला जास्त कोंडल्यासारखं व्हायचं.

शुक्रवारी सकाळी काकूंच्या मुलाने आमच्या दारात येऊन बाबांना सांगितलं, रविवारची आईची जागा राहू द्या, ती जात नाही. बाबा हळहळले. म्हणाले, बिचारीच्या डोयाचं आपल्या पोरीमुळे वेळेवर समजलं. ते त्यांनी अभिमानाने म्हटलं. मी न्हाणीत जाऊन उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही.

दुपारी बाबा जेवायला आले तेव्हा मी म्हटलं, एकदा शेवटचं मोजायचं आहे. ते लगेच उठले. मी आधीच डबा उचलून उलटा ठेवला होता. डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. एवढंच करायचं होतं. संगणक नको, लॅबचे काका नकोत, डबा फिरवायचा. हे मला दीड महिन्यात सुचलं नव्हतं.

बाबांनी हनुवटी ठेवली. मी पट्टा आवळला आणि बटण दाबलं. पहिला दिवा उजवीकडे लागला. बाबांचे डोळे डावीकडे गेले आणि तिथे काहीच नव्हतं. दुसरा. पुन्हा उलट. तिसऱ्याला ते थांबले, पाहून हलले, चौथ्याला परत पाठ केलेल्या बाजूला गेले. त्यांच्या कानशिलावरून घाम खाली आला. डोकं पट्ट्यात असल्यामुळे त्यांना माझ्याकडे वळून पाहता येत नव्हतं. मी बाजूला उभी होते. सातव्या दिव्याला, आणि फक्त त्यालाच, त्यांचा डोळा न अडखळता बरोबर बाजूला गेला.

वीस दिवे संपले. बाबा हनुवटी तशीच ठेवून म्हणाले, "डब्बा उलटा ठेवला तू."

"तुमाले कसं समजलं बाबा?"

मी पट्टा सोडला, तरी ते चौकटीतून बाहेर आले नाहीत. मग तिथूनच, दिव्यांकडे पाहत सांगू लागले. रोज बसून क्रम त्यांच्या ध्यानात राहिला होता. ड्रायव्हरच्या ध्यानात वळणं राहतात, तसा. त्यांनी तो रस्त्यावरच्या थांब्यांना बांधला होता. कामरगावातून निघाल्यावर पहिलं माणूस कुठल्या बाजूला हात दाखवतं, दुसरं कुठल्या, असे वीस. मुद्दाम रोजच्या थांब्यांमधून निवडून जुळवलेले. तेच त्यांनी जीपमध्ये बसलेल्यांना सांगितलं होतं. लोकांनाही पाठ व्हायला सोपं गेलं.

"पन कायले?" मी विचारलं.

"तुया पेपर होता नं. एवढे लोक तू बसवले, त्यातलं कोनी नापास झालं असतं तं मार्क तुयेच गेले असते. मले तुया पुस्तकातलं काही येत नाई. हे एक येत होतं." मग त्यांनी विचारलं, "अन् सातवा काहून चुकला?"

मी सांगितलं की सातवा उजवीकडे आहे, ते सगळे डावीकडे पाहत होते. त्यांनी बोटांवर थांबे मोजले. मग कपाळाला हात लावला. तो थांबा रस्ता रुंद झाल्यापासून उजवीकडे गेला होता. आधी पंधरा वर्षं डावीकडे होता. जुळवताना त्यांनी उजवा धरला होता, सांगताना तोंडात जुना डावाच आला.

मी त्यांना काकूंचं सांगितलं. काकूंचे आकडे आणि वसतिगृहातल्या मुलींचे आकडे एक आहेत, काकूंना काहीच झालेलं नाही, हे दोनदा सांगितलं. बाबा उठले आणि जेवायला न बसता जीप घेऊन गेले. मला वाटलं रागावले.

शनिवारी मी वाशीमला गेले. मॅडमपुढे तो मोठा कागद उलगडला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. काय बोलायचं ते एसटीत चार वेळा ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. जसं झालं तसं सांगितलं. मॅडमनी सगळा कागद वाचला. त्या रागावल्या, ते बाबांवर नाही, वहीतल्या रेघ मारलेल्या वाक्यावर. म्हणाल्या, "तुला विचारायची भीती वाटते, त्याची ही किंमत आहे. बघून ठेव." मग म्हणाल्या की माझ्याकडे नीट मोजलेली माणसं पाच आहेत, तर पाचांवरच लिही, आणि बाकीचे आकडे कसे बिघडले तेही लिही. अमरावतीला दुसऱ्या मुलाचं नाव दिलं. एम.एस्सी.चं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मग दारापर्यंत जाऊन परत आले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, आधी पाचांवर लिहून आण, मग बघू. अजून ते 'बघू'वरच आहे.

निघताना लॅबच्या काकांकडेही गेले. क्रम कसा बदलतात ते दाखवा म्हटलं. त्यांना पाच मिनिटं लागली.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा बाबा काकूंच्या घरी जाऊन आले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. पण आठ वाजता काकू नऊवारी नेसून, गोधडीची पिशवी पोटाशी धरून थांब्यावर उभ्या होत्या. मुलगा सोबत होता, अजून त्याची खात्री पटलेली नव्हती. मी वसतिगृहात परत चालले होते, म्हणून मीही होते. मला नेहमीप्रमाणे पुढे, गिअरच्या दांड्याला गुडघे लागतील अशी जागा मिळाली. मागे माणसांवर माणसं बसली. त्यातले निम्मे तरी माझ्या तक्त्यातले होते. कुणीतरी काकूंना हात धरून चढवायला लागलं, तशा काकू म्हणाल्या, राहू दे.

जीप भरली तरी बाबांनी चालू केली नाही. चावी हातात ठेवून ते मागे वळले.

"वहिनीचे डोये बरोबर हायेत," ते म्हणाले. "साऱ्या गावात त्यायचेच बरोबर हायेत. आपुन पाठ करून बसलो होतो. पाठ करून मी देल्लं. चुकी माही हाय, पोरीची नाई, वहिनीची तं नाईच."

मागून एकाने हळूच विचारलं, म्हणजे आपण सगळे नापास का. दुसरा म्हणाला, "तू तं तसाबी होताच." दोघं-तिघं हसले. काकूंनी मुलाला खिडकीतून खुणेनेच कामावर जा म्हटलं. त्याने दार बाहेरून लावून दिलं.

जीप निघाली. बाबा रस्ता सोडून कुठेच पाहत नव्हते. मी गुडघे आखडून बसले होते आणि नकळत बाबांचे वीस थांबे मोजत होते. पहिला थांबा, दुसरा, तिसरा. सातव्याच्या आधी बाबांनी वेग कमी केला. माझे डोळे डावीकडे गेले. तिथे जुन्या थांब्याचा फक्त ओटा उरला होता. उजवीकडे, नव्या शेडखाली, एक बाई हात वर करून उभी होती.

मागून काकूंचा आवाज आला, "उजव्या अंगानं सवारी हाय, थांब."

त्यांनी आमच्या आधी पाहिली होती. बाबांनी ब्रेक दाबला.